पाटीताईंची चार रिकामी घरे

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर सलून आहे आणि सलूनच्या दारावर लाल दिव्यांची पळती पाटी आहे. उजवीकडून अक्षरे येतात आणि डावीकडे निघून जातात. त्या पाटीवर सलग बावीस दिवस एकच ओळ पळत होती: ‘आज दुकान बंद आहे. तसदीबद्दल क्षमस्व.’ आणि पाटीखाली दार सताड उघडे, पंखा गरगरतो आहे, सलूनवाला हातात कात्री घेऊन गिऱ्हाइकाची वाट पाहतो आहे.

एक नेहमीचे गृहस्थ रोज समोरच्या फुटपाथवरून पाटी वाचायचे, मान हलवायचे आणि आल्या पावली परत जायचे. बघता बघता त्यांचे केस कॉलरखाली उतरले. मी जिना उतरलो की सलूनवाला मला हाक मारायचा, “काका, निदान तुम्ही तरी बसा खुर्चीत!” माझ्या डोक्यावर कापण्यासारखे फारसे काही उरलेले नाही, हे त्यालाही दिसत होते.

“पाटीचं बटणच बंद कर ना,” मी एकदा म्हणालो.

“केलं होतं की! पाटी विझली म्हणजे लोकांना वाटतं दुकान बंद आहे. चालू ठेवली तर ती स्वतःच सांगते बंद आहे म्हणून. मी करू काय?”

ती ओळ ज्यांनी लिहिली त्या बाई माझ्या समोरच्या दारात राहतात. सगळे त्यांना पाटीताई म्हणतात. त्यांच्याविषयी लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते, पण मला लिहायची सवय नाही. मी छत्तीस वर्षे पाण्याचे मीटर वाचले. वाचलेला आकडा चौकटीत भरायचा, एवढेच माझे लिखाण. तेव्हा काही मागेपुढे झाले तर सांभाळून घ्यावे.

पाटीताई अशा पळत्या पाट्या बनवणाऱ्या कारखान्यात अठरा वर्षे होत्या. आधी खोकी बांधायच्या, मग पाट्या तपासायच्या. पुढे कारखाना बुडाला. मालक गेला, कामगार पांगले, पण गावभर लावलेल्या पाट्या मात्र पळतच राहिल्या, आणि त्यांच्यावरची ओळ बदलायचा प्रोग्राम असलेली एकच तबकडी शिल्लक होती, ती ताईंच्या कपाटात. त्यांनी एक जुना लॅपटॉप घेतला, लांब वायर घेतली, घडीचे स्टूल घेतले आणि फेरी सुरू केली. आता बेचाळीस दुकाने त्यांच्याकडे आहेत. वय अठ्ठावन्न. चाल अशी की मला गाठता येत नाही.

त्यांचे काम मी पाहिलेले आहे. स्टूल मांडून त्या दुकानदाराला विचारतात, “काय सांगायचंय लोकांना?” दुकानदार पाच मिनिटे बोलतो. ताई ऐकून घेतात, बोटांच्या पेरांवर अक्षरे मोजतात आणि सगळे चाळीस अक्षरांत बसवतात. चपलांच्या दुकानदाराने चामडे, शिलाई, टिकाऊपणा असे पुष्कळ काही सांगितले होते. ताईंनी लिहिले: ‘जुने जोडे घालून या, नवे घालून जा.’ ती ओळ तिथे सात वर्षे पळते आहे.

ओळ संपली की त्यांचा अंगठा खालच्या लांब पट्टीवर चार वेळा पडतो. टक टक टक टक. ती चार रिकामी घरे. ती सोडली नाहीत तर ओळीचे शेपूट तिच्याच डोक्याला चिकटते आणि ‘जाजुने’ असे काहीतरी पळू लागते. हे त्या ठरवून करत नाहीत, अंगठाच करतो. मग रस्ता ओलांडून समोर उभ्या राहतात आणि ओळ दोनदा फिरू देतात. एकदा फिरलेली त्या मोजत नाहीत. म्हणतात, “पहिल्यांदा ती मला खूश करायला फिरते, काका. दुसऱ्यांदा खरी.”

तर झाले असे, की सलूनवाल्याला दाढ काढायला जायचे होते. एका दिवसापुरती ‘दुकान बंद’ची ओळ हवी होती. ताईंनी ती लावली आणि घरी येऊन लॅपटॉप उघडला तर तो ढिम्म. दुरुस्तीवाल्याने आत डोकावून पाहिले.

“वय काय याचं?”

“बारा.”

“मग चांगला जगला,” असे म्हणून त्याने झाकण लावले.

ताईंच्या तोंडचे पाणी पळाले. पण त्यांची सून मोठी धीराची. ती दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर काम करते, आणि नुकतीच कायम झाली होती. आठवड्याभरात ती नवा लॅपटॉप घेऊन आली. साधाच, बेताच्या किमतीतला, पण निळसर, हलका, वहीसारखा. ताईंनी तो मला दाखवायला आणला तेव्हा दोन्ही हातांवर तोलून आणला, जणू दुसऱ्याचे तान्हे मूल.

सून कामावर गेलेली असताना ताईंनी एकटीने तो सुरू केला. नाव घातले, पासवर्ड घातला, पासवर्ड आपल्या ओळींच्या वहीत उतरवून ठेवला. मग तबकडीवरून पेनड्राइव्हमध्ये घेतलेला आपला प्रोग्राम उघडायला गेल्या आणि घोडे तिथेच अडले. पडद्यावर चौकट आली: हा लॅपटॉप एस मोडमध्ये आहे. तुमच्या सुरक्षिततेसाठी इथे फक्त आमच्या अ‍ॅप स्टोअरमधलीच अ‍ॅप चालतील.

“काका, जरा बघा हो, तुम्ही बारीक अक्षर वाचता,” म्हणून त्यांनी मला बोलावले. आम्ही दोघांनी ते स्टोअर धुंडाळले. पाटीचा प्रोग्राम तिथे असणार कसा? तो बनवणारा कारखानाच उरला नव्हता. खेळ होते, रंग भरायची चित्रे होती आणि पडद्यावर पोहणारे मासे होते.

“मासे आहेत,” ताई म्हणाल्या. “पाटी नाही.”

सासू-सून लॅपटॉपच्या दुकानात गेल्या. तिथल्या गळ्यात कार्ड अडकवलेल्या विक्रेत्याने मान हलवली. “ताई, ते कुलूप तुमच्या भल्यासाठीच आहे. एकदा काढलं की परत लागत नाही. मग काही झालं तर आमच्याकडे यायचं नाही. त्यापेक्षा वरचं मॉडेल घ्या.”

परत आल्या तेव्हा जिन्यातच मला दोघींचे बोलणे ऐकू आले.

“मीच स्वस्त बघून घेतला, आई. चुकलंच माझं.”

“तुझं कसं चुकलं? लॅपटॉप चांगला आहे गं. हट्टी आहे, एवढंच. या घरात सगळेच हट्टी आहेत, त्याला लगेच सवय लागली.”

सून हसली, पण डोळे पुसत हसली.

इकडे सलूनवाल्याचा धीर सुटत चालला होता. एका कंपनीचा माणूस रस्त्यावरच्या दुकानांतून फिरू लागला होता. त्याच्या पाट्या मोबाइलवरून बदलत. वायर नको, स्टूल नको, ताईही नको. सलूनवाला ताईंना म्हणाला, “ताई, वाईट वाटून घेऊ नका. शनिवारी पाच वाजता सगळे दुकानदार माझ्याकडे जमतायत. तो फोनवाला येतोय. तोवर माझी पाटी उघडी करा, नाहीतर मी त्याच्या बाजूने हात वर करणार. आणि मी केला की बाकीचेही करणार.”

ताई एवढेच म्हणाल्या, “बरोबर आहे तुझं, भाऊ.” वर आल्या आणि घडीचे स्टूल कपाटामागे ठेवून दिले. ते स्टूल कपाटामागे ठेवलेले मी कधी पाहिले नव्हते. ते नेहमी दाराशी असायचे, चपलांसारखे.

मला काही करावेसे वाटत होते. पण मी कोण? मीटर वाचणारा माणूस. मी ताईंकडून लॅपटॉपच्या खोक्यातली पुस्तिका मागून घेतली. अशी पुस्तिका कोणी वाचत नाही, माझ्याकडे वेळ आणि भिंग दोन्ही आहे. दोन दिवस वाचली. एकतिसाव्या पानावर खालच्या अंगाला लिहिले होते, की एस मोडमधून बाहेर पडता येते, त्याला पैसे लागत नाहीत, मात्र बाहेर पडल्यावर परत आत जाता येत नाही. वॉरंटीचे पानही वाचले. बाहेर पडले तर वॉरंटी जाते, असे तिथे कुठेही नव्हते.

हे मी लगेच सांगायला हवे होते. पण विक्रेत्याच्या गळ्यात कार्ड होते आणि माझ्या हातात भिंग. माझ्या सांगण्यावरून त्या सुनेच्या कमाईचा लॅपटॉप बिघडला तर? मी एक अख्खा दिवस ते पान उघडून बसलो. शनिवारी दुपारी तीन वाजता उठलो आणि समोरच्या दारावर टकटक केली.

सून घरीच होती. तिने पान वाचले, पुन्हा वाचले आणि ओरडली, “आई! काका बघा काय घेऊन आलेत!”

ताईंनी चष्मा लावला. “परत आत जाता येत नाही म्हणजे नक्की कुठे जाता येत नाही?”

“जिथे फक्त मासे मिळतात तिथे.”

“मग परत जायचंय कोणाला?”

“पण आई, त्याने भलतंसलतं आत येणार नाही अशी सोय होती. आता ते आपल्यालाच बघावं लागेल.”

“पोरी, मी बारा वर्षांत त्या जुन्या डब्यात एकच प्रोग्राम टाकला. कुणाचं काही भलतं उघडत नाही मी. कर सुरू.”

सुनेचे हात चपळ, म्हणून तीच टेबलाशी बसली. सेटिंग, त्यात सिस्टिम, त्यात अ‍ॅक्टिव्हेशन. तिथे स्टोअरकडे जायचे दोन रस्ते होते. वरचा मोठ्या अक्षरांत होता आणि पैसे मागत होता. सुनेचे बोट त्याच्याकडे निघाले. मी म्हणालो, “तो नाही. तो वरची आवृत्ती विकतोय. खालचा, बारीक अक्षरातला.” मीटरवाल्याला खालचे बारीक आकडे आधी दिसतात.

खालच्या रस्त्याने गेल्यावर एक पान उघडले. ‘एस मोडमधून बाहेर पडा.’ खाली एकच बटण. सुनेने ते दाबले आणि पडद्याने पासवर्ड विचारला.

ताईंनी वही उघडली. सुनेने पाहून पाहून पासवर्ड घातला. पासवर्ड चुकीचा आहे.

“नीट बघून घाल.”

“बघूनच घातला, आई. तुम्हीच वाचून दाखवा.”

ताईंनी एकेक अक्षर मोठ्याने वाचले. सुनेने एकेक अक्षर घातले. पुन्हा चुकीचा. आणि खाली नवी ओळ आली: आणखी एकदा चुकल्यास खाते चोवीस तासांसाठी बंद होईल.

चार वाजून वीस मिनिटे झाली होती. खालून सलूनवाला खुर्च्या सरकवत असल्याचे आवाज येत होते.

“अक्षर तर माझंच आहे,” ताई वहीकडे बघत म्हणाल्या. “मीच घातला, मीच लिहिला. मग चुकला कुठे?”

सुनेने हात टेबलावरून काढून मांडीवर ठेवले. “मला नाही आता हात लावायचा. सोमवारी करू.”

“सोमवारी करायला फेरी राहायला हवी ना गं.”

मला माझ्या कामातली एक गोष्ट आठवली. घरातले सगळे नळ बंद असतात, थेंबही दिसत नाही, तरी मीटरचा छोटा काटा हळूच सरकत असतो. घरमालक शपथेवर सांगतो, सगळे बंद आहे. पण काटा खोटे बोलत नाही. कुठेतरी न दिसणारे पाणी असतेच. तसेच या पासवर्डात वहीत न दिसणारे काहीतरी आहे, असे मला वाटू लागले. आणि माझे लक्ष ताईंच्या अंगठ्याकडे गेले. त्या चिंतेत होत्या आणि त्यांचा अंगठा टेबलाच्या कडेवर आपला आपण पडत होता. टक टक टक टक.

बोलावे की नाही? चुकलो तर खाते बंद, खाली दुकानदार हात वर करणार आणि जन्मभर समोरच्या दाराकडे बघताना मला ते आठवणार.

“पासवर्ड,” मी म्हणालो, “ताईंना स्वतःला घालू द्या.”

“काका, तेच अक्षर मी घातलं की हो दोनदा,” सून म्हणाली.

“हो. पण ताईंनी वहीकडे बघायचं नाही. रोज ओळ घालतात तसाच घालायचा. पाटी आहे असं समजून.”

ताई सुनेला उठवून स्वतः बसल्या, पदर खोचला आणि पासवर्ड घातला. अक्षरे संपली, आणि अंगठा खालच्या लांब पट्टीवर चार वेळा पडला.

“हे काय केलंत आई?”

“काय केलं?”

“ही शेवटी मोकळी जागा! चार वेळा!”

“अगंबाई!” ताईंनी तोंडावर हात ठेवला. “म्हणजे त्या दिवशीही मी...”

“आता दाबा!” सून ओरडली. “दाबा, दाबा!”

ताईंनी दाबले. पडदा क्षणभर पांढरा झाला. मग ओळ आली: झाले. तुम्ही आता एस मोडच्या बाहेर आहात.

सुनेने मागून सासूच्या गळ्यात हात टाकले आणि दोघी खुर्चीसकट डुलल्या. माझाही जीव भांड्यात पडला. मी उगीचच भिंग पुसत बसलो.

पेनड्राइव्ह लागला. लॅपटॉपने जाता जाता एक शेवटचा प्रश्न विचारला, की हा प्रोग्राम अनोळखी निर्मात्याचा आहे, तरी टाकू का?

“अनोळखी?” ताई भडकल्या. “अठरा वर्षं त्यांची खोकी बांधली मी! टाक म्हणावं!”

पाचला दहा कमी असताना कपाटामागून स्टूल निघाले. ताई पुढे, वायर घेऊन सून मागे, आणि कठड्याला धरत मी. खाली सलूनमध्ये आठ-दहा दुकानदार जमले होते. औषधवाला, चपलावाला, घड्याळवाला, आणखी काही. फोनवाला माणूस नमुन्याची पाटी आरशाला टेकवून उभा होता. ताईंनी कोणाशी न बोलता स्टूल मांडले, वायर जोडली आणि मांडीवर लॅपटॉप उघडला.

“काय सांगायचंय लोकांना, भाऊ?”

सलूनवाल्याने एक मोठा श्वास घेतला आणि बावीस दिवसांचे सगळे सांगितले. दाढ, गिऱ्हाइके, पाटी, आणि बायकोने घरी केलेली चेष्टा: म्हणे तुम्ही बंद आहात, मग चहा कशाला हवा? ताई पेरांवर मोजत होत्या. मग त्यांनी लिहिले आणि अंगठा चार वेळा पडला.

दारावरची पाटी काळी झाली. दुकानदार माना वर करून पाहू लागले. ताई रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर गेल्या. आम्हीही सगळे गेलो, फोनवालासुद्धा. उजवीकडून लाल अक्षरे निघाली:

‘दुकान उघडे आहे. कधीचेच उघडे आहे!’

चार घरे रिकामी गेली. कोणी बोलले नाही, कारण ताईंनी एक बोट वर केले होते. ओळ पुन्हा आली, पुन्हा गेली. ताईंनी दुसरे बोट वर केले, आणि मग असा काही हशा आणि टाळ्या झाल्या की वरच्या खिडक्या उघडल्या. कॉलरखाली केस उतरलेले ते गृहस्थ नेमके त्या वेळी आले होते. त्यांनी पाटी वाचली, रस्ता ओलांडला आणि सरळ आत जाऊन खुर्चीत बसले. “आता बरं आहे ना सगळं?” त्यांनी सलूनवाल्याला विचारले. “बावीस दिवस म्हणजे फारच दुखणं झालं तुमचं.”

बैठक त्या खुर्चीभोवतीच उरकली. फोनवाल्याने आपली पाटी फोनवरून बदलून दाखवली. छान बदलत होती, खोटे कशाला बोलू. औषधवाला म्हणाला, “हे सोपंच आहे की.” तेव्हा सलूनवाला कात्री थांबवून म्हणाला, “बदलणं सोपं आहे हो. पण लिहायचं काय ते कोण सांगणार? तुम्ही लिहून दाखवा बघू. चाळीस अक्षरांत.”

औषधवाल्याने फोन हातात घेतला. विचार केला. ‘आमच्याकडे सर्व प्रकारची औषधे’ इथपर्यंत आला आणि थांबला. चपलावाल्याने नुसती मान हलवली. त्याची ओळ सात वर्षे पळत होती. हात वर करायची वेळ आली तेव्हा एकच हात वर गेला, तोही फोनवाल्याचा, ताईंना काही विचारायला.

“तुम्ही एवढं थोडक्यात बसवता कसं?”

“पेरं मोज, बाबा,” ताई म्हणाल्या. “आणि शेवटी चार घरं सोड.”

सोमवारी ताई फेरीला निघाल्या तेव्हा मी दारातच होतो. सून त्यांच्या खांद्यावर पिशवी नीट बसवून देत होती. “वाटेत त्या लॅपटॉपच्या दुकानात जाणार आहे,” ताई म्हणाल्या. “त्या पोराला एकतिसावं पान दाखवून येते. त्याला कोणी सांगितलेलंच नसणार.” मग माझ्याकडे वळल्या. “काका, तुम्हाला एक ओळ माझ्याकडून. खाली सलूनच्या पाटीवर लावते. काय सांगायचंय लोकांना?”

मी म्हणालो, तुमच्याविषयी लिहायचं आहे. आणि सुरुवात केली, की आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर सलून आहे, आणि सलूनच्या दारावर...

ताई पेरांवर मोजत होत्या. दोन्ही हातांची पेरे संपली तशा त्या हसू लागल्या.

“हे पाटीवर मावायचं नाही, काका. तुम्ही कागदच घ्या,” असे म्हणून त्या झपाझप जिना उतरल्या.